कस्तुरीबाईंचे पाच फेरे

आमच्या घरात कुणी कुणाला रागवत नसे. इतरांच्या घरी कप फुटला की धपाटा बसायचा, आमच्याकडे फेरा बसायचा. घरामागं मुलींच्या शाळेचं मैदान आहे. एका टोकाला कडुलिंब, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. आईनं चौऱ्याण्णव साली टेप धरून मोजलं आणि दोन्हींच्या भोवती फक्कीनं एक लांबट गोल आखला. बरोबर दीडशे मीटर. कप फुटला, एक फेरा. खोटं बोललं, एक फेरा. अप्पांनी चोरून सिगारेट ओढली, एक फेरा. आणि माझे अप्पा, म्हणजे मल्लप्पा इंजिनिअर, ज्यांना सोलापुरातले निम्मे कारखानदार वाकून नमस्कार करायचे, ते लुंगी सावरत मुकाट्यानं तो मारायचे. फेरा मारून आलं की चूक संपली. त्या चुकीचं पुन्हा नावही काढायचं नाही, हा आईचा नियम. इतकं स्वच्छ घर मी नंतर कुठं पाहिलं नाही.

आई जर्मन. पूर्व जर्मनी नावाचा एक देश होता, तिथल्या डोंगरातली. नाव केर्स्टिन. आज्जीच्या जिभेला ते काही वळेना, म्हणून तिनं पहिल्याच दिवशी कस्तुरी करून टाकलं आणि गल्लीनं त्याला 'बाई' जोडलं. आई बर्फावर शर्यती पळायची. पायांना लांब पट्ट्या, पाठीला बंदूक. दोन-अडीच किलोमीटर जीव तोडून पळायचं, धापा टाकत थांबायचं, श्वास आवरायचा, पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या ठिपक्यांवर पाच गोळ्या मारायच्या आणि पुन्हा पळत सुटायचं. गोळी लागली की ठिपका पांढरा होतो. जितक्या गोळ्या हुकतील तितके दीडशे मीटरचे फेरे, तिथंच बाजूला, सगळ्यांच्या देखत मारायचे आणि मगच पुढं जायचं. सोलापुरात हे सांगितलं की लोक विचारत, "बर्फात गोळ्या घालायच्या तरी कुणाला?" आणि मग हळूच, "एवढं होतं, मग इथं कशाला आल्या?"

पहिल्या प्रश्नावर आई हसायची. दुसऱ्याचं उत्तर तिनं मला मी दहा वर्षांची असताना दिलं. झालं असं की कसल्याशा गुन्ह्याबद्दल मला तीन फेरे बसले होते. मी दोनच मारले आणि घरात येऊन तोंड वर करून सांगितलं, झाले. शाळेचे वॉचमन हरिबा मैदानावरच होते. ते सांगोल्याकडचे, मेंढरं राखून आलेला माणूस, मोजण्यात कधी चुकायचे नाहीत. त्यांनी खिडकीतनं सरळ सांगून टाकलं, "न्हाय बाई, दोनच मारल्यात पोरीनं." मला वाटलं, आता काही खरं नाही. आई रागावली नाही. पोळपाटावर अर्धवट लाटलेली चपाती तशीच ठेवून खाली बसली आणि रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं. सत्त्याऐंशी साल, मोठी शर्यत, ती चोवीस वर्षांची. धुकं होतं. शेवटचा नेमबाजीचा टप्पा उभ्यानं करायचा होता. ती अकरा नंबरच्या जागेवर उभी राहिली, पाच गोळ्या मारल्या, पाचही ठिपके पांढरे झाले. बंदूक पाठीवर टाकताना डोळ्याच्या कोपऱ्यातनं तिला पाटी दिसली. पांढऱ्या झालेल्या ठिपक्यांवर बारा लिहिलं होतं. धाप लागलेल्या माणसाकडून ही चूक होते. आपल्या जागी उभं राहून शेजारच्याच्या ठिपक्यांवर नेम धरला जातो. नेम कितीही चोख असला तरी पाचही गोळ्या हुकलेल्या धरतात. पण धुक्यात अकराही बारासारखं दिसू शकतं. तिचे ट्रेनर, फोग्ट, दुर्बीण लावून उभे होते. त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. ती त्यांच्याकडं बघून ओरडली, "सगळे?" ते म्हणाले, "सगळे पाच! पळ!"

शेजारची जागा रिकामी होती, धुकं होतं, पंचांच्या लक्षात येणार नाही असा त्यांचा हिशेब. आई पळाली. फेऱ्यांच्या वाटेकडं तिनं वळूनही पाहिलं नाही. शर्यतीत दुसरी आली. दोन्ही हात वर करून उभी राहिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळानं फळ्यावर कागद लागला. पाच गोळ्या हुकलेल्या, पाच फेरे न मारलेले. पुढं बैठक झाली, तिथं फोग्टनी सांगितलं की हिनं मला फसवलं. तिला संघातनं काढलं आणि कापडाच्या यंत्रांच्या कारखान्यात, कॅन्टीनमध्ये बटाटे वाढायला लावलं. अप्पा तिथं यंत्रं शिकायला गेले होते. बटाटे बिलकुल आवडत नसताना ते रोज तीनदा बटाटे घ्यायचे. बर्लिनची भिंत पडली, दोघांनी लग्न केलं आणि नव्वदच्या मे महिन्यात आई सोलापूरच्या स्टेशनवर उतरली.

"हुकणं काय नसतं, सिद्दी," ती मला म्हणाली. मी सिद्धेश्वरी, पण तिच्या तोंडी कायम सिद्दी. "हुकतंय की. समदे हुकत्यात. फेरा मारायचा राहिला, तर मग ते संपतच न्हाय बग." तिचं मराठी शाळेतल्या मुलींकडून आणि हरिबांकडून आलेलं. गोऱ्या तोंडातनं ते ऐकून पाहुणे फिदीफिदी हसायचे. मी त्या दिवशी हसले नाही. बाहेर जाऊन तिसरा फेरा मारला आणि वर एक जादाचा मारला.

फोग्टबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार नंतर कळली. हा माणूस रोज सकाळी तळहातावर निळी गोळी घेऊन यायचा. जीवनसत्त्व आहे म्हणायचा. गिळेपर्यंत समोर उभा राहायचा आणि मग तोंड उघडून जीभ दाखवायला लावायचा. सोळाव्या वर्षापासून आठ वर्षं. माझ्या आधी आईची दोन मुलं पोटातच गेली. नंतर जर्मनीहून एका मैत्रिणीचं पत्र आलं, त्या निळ्या गोळ्या कसल्या होत्या ते सांगणारं. पुरुषी ताकद आणणारं औषध होतं ते. आईनं पत्र वाचलं, घडी घातली, मैदानावर जाऊन शाळेच्या मुलींना तासभर पळवलं. बावीस वर्षं ती त्या शाळेत खेळाची बाई होती. तिच्या हाताखालच्या मुली अजून रस्त्यात भेटतात आणि सांगतात, बाईंनी आम्हाला फेरे मारायला लावले, पण मागचं कधी उकरून काढलं नाही.

अप्पा गेले आणि दोन वर्षांत आईचं डोकं रिकामं व्हायला लागलं. आधी मराठी गेली. इतकी लाडाची सोलापुरी मराठी, महिन्यागणिक थोडी थोडी गळत गेली. 'व्हय' आणि 'लई' शेवटी गेले. मग माणसं गेली. अप्पांचा फोटो बघून ती विचारायची, हे गृहस्थ कोण. उरलं ते तिचं लहानपणचं जर्मन. तेवढं मला येतं, म्हणजे स्वयंपाकघरापुरतं, आईकडनं ऐकलेलं. मी टॉवेलच्या कारखान्यासाठी घरी बसून नक्षी काढते, त्यामुळं दिवसभर तिच्याजवळच असते. दिवसभर ती मला जर्मनमध्ये 'बाई' म्हणते. बाई, पाणी. बाई, माझी खोली कुठली. बासष्ट वर्षांची बाई, माझी आई, मला दाई समजते. मी वरवर थट्टेवारी नेते आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडते.

गेल्या वर्षी तिला ते पाच फेरे आठवले. बाकी सगळं पुसून गेल्यावर तळाशी तेवढंच राहिलं असावं. सकाळी सहाला ती कॅनव्हासचे बूट घालायची, चष्मा काढायची आणि मागच्या फाटकाशी तो माझ्या हातात द्यायची. म्हणायची, "सिद्दी, मोज हं. पाच आहेत." चोवीस तासांत तेवढ्या एका क्षणी मी तिची मुलगी असायची. तेवढ्यासाठी मी पाचपासून जागी राहायची. कंगवा फिरवून, बरा ड्रेस घालून फाटकाशी उभी राहायची, एखाद्या नवरीसारखी. हसू येतं आता.

पण पाच कधी व्हायचे नाहीत. दोन फेऱ्यांत धाप लागायची, तिसऱ्यात ती कडुलिंबाखाली बसायची आणि उठली की आकडा गेलेला असायचा. "किती झाले?" मी म्हणायची, दोन. ती मान हलवायची. "बसले म्हणजे मोडलं. शून्यापासनं." पुन्हा पहिला. मी तिच्या खिशात पाच चिंचोके टाकले, एकेका फेऱ्याला एक टाकायचा म्हणून. तिनं टाकलेले सगळे परत वेचून आणले. खडूनं फाटकाच्या खांबावर रेघा मारल्या, तिनं त्या ओल्या फडक्यानं पुसल्या, कुणी खांब घाण केला म्हणून. रोज सातच्या सुमारास मी तिला दंडाला धरून घरात आणायची. तिचे ओठ निळसर पडलेले असायचे आणि पाच फेरे तसेच शिल्लक.

मार्चमध्ये डॉक्टरांनी तपासणी केली. म्हणाले, हृदय पावसुद्धा नीट चालत नाही. तरुणपणी काय काय खाऊ घातलंय कुणास ठाऊक, स्नायूच फुगून सैल पडलाय. सकाळ-संध्याकाळ गोळ्या द्या आणि हे चालणं आजपासून बंद. "नाही केलं तर?" मी विचारलं. "एक दिवस मैदानावरच पडतील. उन्हाळा आहे, फार लांबचा दिवस नाही तो."

मी बंद करायला गेले. फाटकाला कुलूप घातलं, तर ती फाटकावर मुठी आपटत राहिली आणि जास्तच निळी पडली. बूट लपवले, तर अनवाणी गेली, तळव्यांना काटे आणि फोड. गोळ्यांचं तर विचारूच नका. माझ्या हातातली गोळी बघितली की ती ओठ घट्ट मिटायची. केळ्यात घालून दिली तर केळं खाऊन गोळी तेवढी थुंकायची. तोंडात दात होते आणि ते तिनं माझ्या बोटावर दोनदा वापरले. मी चिडायची, ओरडायची. नंतर नियमाप्रमाणं स्वतःच एक फेरा मारून यायची. काय करणार, वळण तसं पडलेलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हरिबा फाटकाशी आले. आता ते म्हातारे झालेत, नोकरी संपली तरी शाळेनं त्यांना खोलीत राहू दिलंय. म्हणाले, "ताई, एक बोलू? बाईस्नी पाच झालं म्हणून सांगा की. दोन झाल्यावर मोठ्यांदा सांगायचं. त्यास्नी काय कळतंय आता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हरिबा, तुम्हीच ना मला तेव्हा पकडून दिलंत? एका फेऱ्यासाठी?"

"तवा तुमी खोटं बोलत हुता," ते खाली बघून म्हणाले. "ह्ये खोटं न्हाय. जीव वाचवायचाय त्यो."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आई दुसऱ्या फेऱ्यातच टाकीला धरून थांबली. छातीवर हात, तोंड उघडं, आवाज नाही. मी धावले. मला वाटलं, संपलं. पाच मिनिटांनी ती सरळ झाली आणि म्हणाली, "शून्यापासनं." त्या सकाळी मी ठरवलं. हरिबांना सांगितलं, उद्या. त्यांना एवढा आनंद झाला की संध्याकाळीच पाइप लावून त्यांनी बाईंची ती सगळी वाट शिंपून ठेवली. उडणाऱ्या धुळीनं बाईंना धाप लागते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईनं फाटकाशी चष्मा दिला. "सिद्दी, मोज हं. पाच आहेत." मी हो म्हटलं. इतकं गोड हो मी आयुष्यात कुणाला म्हटलं नसेल. ती निघाली. मी मोठ्यानं आकडा म्हटला, एक. दुसऱ्या फेऱ्याला ती टाकीला वळसा घालून येत होती, खांदे वर-खाली होत होते, आणि मी दोन्ही हात तोंडाशी नेऊन जर्मनमध्ये ओरडले, "पाच! झाले!"

ती थांबली. डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं.

"सगळे?" तिनं विचारलं.

मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. ती गोष्ट मी हजारदा ऐकलेली, त्यातला शब्द न् शब्द मला पाठ. पण तेव्हा डोळ्यांपुढं फक्त तिचे निळे ओठ होते. मी म्हणाले, "सगळे पाच!"

आईनं दोन्ही हात वर केले. हरिबांनी टाळ्या वाजवल्या, तेही रडत होते. ती हात वर धरूनच चालत आली, सावकाश, चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, अप्पा असायला हवे होते. मी चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. तिनं माझा गाल धरला. "सिद्दी," म्हणाली. त्या दिवशीचं दुसरं सिद्दी. किती महिन्यांनी दुसरं!

मग ती मैदान बघायला वळली. आपण काय केलं ते बघावंसं कुणालाही वाटेल. शिंपलेली माती अजून ओली होती आणि तिच्यावर कॅनव्हासच्या बुटांचे ठसे उमटले होते, फाटकापासनं कडुलिंबापर्यंत, कडुलिंबापासनं टाकीपर्यंत, स्पष्ट, एकाला एक लागून. दोन रांगा. तिसरी नव्हती. आईनं बोट पुढं करून त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मी मध्ये काहीतरी बोलत होते, चहा, घरी चल, ऊन चढलं, काय बोलत होते देव जाणे. तिनं बोट खाली घेतलं आणि माझ्याकडं तोंड केलं.

मी शिव्या सहन केल्या असत्या. तिनं माझ्या तोंडात मारली असती तरी चाललं असतं. ती टाचा जुळवून ताठ उभी राहिली, हात मागं बांधले, नजर माझ्या खांद्यावरनं पलीकडं कुठंतरी ठेवली आणि शाळकरी पोरीच्या आवाजात म्हणाली, "होय, ट्रेनर फोग्ट."

"आई, मी सिद्दी," मी म्हणाले. "दोनच झाले, आई. मी खोटं बोलले. तीन राहिलेत, चल, आपण दोघी मारू. मी धरते तुला." मी मराठीत म्हणाले, जर्मनमध्ये म्हणाले, तिचे खांदे धरून हलवले. "होय, ट्रेनर फोग्ट." हरिबा फाटकाला धरून खाली बसले. "म्या सांगितलं," ते म्हणत राहिले, "म्याच सांगितलं की हो."

त्यानंतर आई मैदानावर गेली नाही. बूट दाराशी आहेत, कुलूप काढून टाकलंय, फाटक मी मुद्दाम सताड उघडं ठेवते. ती तिकडं बघत नाही. सांगितलं तिथं बसते, सांगितलं तेव्हा उठते. मे गेला, जून गेला. डॉक्टर खूश आहेत. म्हणाले, ठोके नियमित झाले, सूज उतरली, तुम्ही जमवलंत बुवा. अशी विश्रांती मिळाली तर अजून चार-पाच वर्षं काढतील. मी हो म्हटलं.

रोज सकाळी सहाला मी राहिलेले तीन फेरे मारते. हरिबा खाटेवर बसून मोजतात आणि मोठ्यानं आकडे म्हणतात, घरात ऐकू जावेत म्हणून. मग मी आत येते. आई पलंगाच्या कडेला ताठ बसलेली असते. मी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसते आणि सांगते, "आई, तीन मारले. आता पाच झाले. संपलं." ती ऐकत नाही. तिची नजर माझ्या हातावर असते, तळहातावरच्या हृदयाच्या गोळीवर. आता केळं लागत नाही. ती गोळी घेते, पाण्याशिवाय गिळते आणि मग, मी काही न सांगता, तोंड उघडून जीभ बाहेर काढते. मी 'बघितलं' म्हणेपर्यंत तशीच बसून राहते.

"बघितलं," मी म्हणते.